पुन्हा पुन्हा उमटणारी रेघ

"आता माझ्याच्याने नाही होत!" भिंगरीने तारेचा ब्रश आपटला. "ही सुट्टी आहे की शिक्षा?"

"तोंड कमी चालव, हात जास्त," ताई म्हणाली. तिचीही बोटं सुजली होती. पण ती पडली सगळ्यात मोठी, तिला कुरकुर करायची सोय नव्हती.

तीन दिवस ही तिघं भावंडं आत्याच्या अंगणात गंज घासत होती. आत्या शाळेची व्हॅन चालवायची. व्हॅनखालच्या स्प्रिंगा आणि चाकांना धरून ठेवणारे लोखंडी आर्म गंजले होते. गॅरेजमध्ये रंगवून घेणं परवडत नव्हतं, म्हणून मिस्त्रीने ते नुसते काढून दिले आणि रंगकाम पोरांच्या गळ्यात पडलं. फाटकाचा उरलेला राखाडी रंग, अर्धा डबा प्रायमर आणि केस झडलेले ब्रश! घासा, धुवा, वाळवा, प्रायमर लावा, मग रंगवा. सांगायला काय जातं?

त्यात एका आर्मने नुसता उच्छाद मांडला होता. रंगवून दोरीला टांगावा, तर सकाळी कोपऱ्याशी तीच बारीक तपकिरी रेघ! दोनदा घासून पुन्हा रंगवला. आज तिसऱ्यांदा रेघ हजर!

"भूत आहे त्यात," गप्पू जांभई देत म्हणाला.

"तुझ्यासारखंच चिकट," भिंगरी म्हणाली.

दुपारी मिस्त्री सगळं बसवायला आला. त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. "गंज आहे, दुसरं काय! मारा अजून एक हात. गाडीखाली वाकून कोण बघतंय?"

"मारा रे बाळांनो," आत्याही थकून म्हणाली. "उद्या शाळा उघडतेय."

मिस्त्री व्हॅनकडे वळला. ताई मात्र आर्म हातात धरून उभीच राहिली. "गंज राहिला असता तर कुठेही आला असता. दर वेळी एकाच जागी, एकाच रेघेत कसा? आपण धुतो ते पाणी आत शिरत असेल तर?"

"लोखंडात?" गप्पूची झोपच उडाली.

"चीर असेल तर शिरेल! पाणी शिरतं तर रॉकेलही शिरेल. भिंगरे, मिस्त्रीकाकांना जरा अडकवून ठेव!"

भिंगरी धावली. "काका, ताई त्या आर्मला अजून एक हात मारतेय, ओला आहे हं! तुमचे ठसे उमटतील. तोवर दुसरी बाजू बसवा ना!"

मिस्त्री बडबडत व्हॅनखाली शिरला. ताईने कोपऱ्यावरचा रंग खरवडला, रॉकेल चोळलं, थोडा वेळ थांबून खसखसून पुसलं. गप्पूने खडू कुटून वर पसरला; आत रॉकेल शिरलं असेल तर खडू ते शोषून दाखवणार होता. तिघं श्वास रोखून बसली. पांढऱ्या भुकटीवर हळूहळू ओली रेघ उमटली, चांगली करंगळीएवढी!

"काका! लवकर या!"

मिस्त्रीने रेघ पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने आर्म दगडावर ठेवला आणि हातोडा हाणला. खट्! दोन तुकडे!

आत्या मटकन पायरीवर बसली. "बारा पोरं बसतात माझ्या मागे," ती कशीबशी म्हणाली. तिला रडूच आलं.

"काढताना माझ्याच हातात होता, बाई," मिस्त्री खाली मान घालून आत्याला म्हणाला. "मी नीट बघितलाच नाही. आणि वर या पोरांना रंग फासायला सांगितलं! माफ करा. दुसरा आर्म मी आणतो. नीट तपासूनच बसवीन." मग तो तिघांकडे वळला. "इतकी वर्षं हेच काम करतोय, पण आज तुम्ही मला शिकवलंत!"

आत्याने तिघांना जवळ ओढलं. रंगाने माखलेल्या हातांचं तिला काही वाटलं नाही. मग डोळे पुसून तिने फोन उचलला. उद्या व्हॅन येणार नाही, हे बारा घरी कळवायचं होतं. "का म्हणजे काय? माझ्या भाच्यांनी काय केलं ते आधी ऐका!" असं म्हणून ती प्रत्येक घरी सगळं पहिल्यापासून सांगू लागली.

पाचव्या घरापर्यंत तिघंही तिथेच ओसरीवर गाढ झोपली. आत्याने आवाज हळू केला, पण गोष्ट एका शब्दानेही कमी केली नाही.