पितळी बटणांचा हिरवा कोट

नाटकमंडळीच्या कपड्यांच्या खोलीचं दार त्याने ढकललं मात्र, दारामागची अख्खी दांडी कोटांसकट खाली आली.

"कोणी आहे का आत?"

"आहे ना," ढिगाऱ्यातून आवाज आला. "तो जांभळा झगा उचला. त्याच्याखाली मी."

झगा बाजूला झाला. नाकावर चष्मा घसरलेला एक उंच माणूस तिच्याकडे असा बघत होता, की जणू त्याच्या हातून आभाळच पडलं होतं. तिला रागवायचं होतं... पण हसूच आलं.

ती मंडळीची वेशभूषाकार. तो तिथल्या कपड्यांची संगणकावरची यादी सुधारायला आलेला. यादी म्हणजे एक भलीमोठी एक्सएमएल फाइल. नाटकाच्या पोटात पोशाख, पोशाखाच्या पोटात कोट, कोटाच्या पोटात बटणं, अशी एकात एक बसवलेली. काही विचारलं की संगणक पहिल्या नोंदीपासून वाचत सुटे. तोवर शिवणखातं सांभाळणारी तिची आत्या दोन बाह्या जोडून मोकळी होई.

"अगदी आमच्या यांच्यासारखं आहे हे," आत्या म्हणे. "चष्मा आणायला सांगा, आधी सगळं घर उलटंपालटं करतील."

इस्त्रीच्या टेबलाशेजारी त्याने आपलं बस्तान मांडलं. वाफेचा आणि डांबरगोळ्यांचा वास त्याच्या शर्टालाही लागला.

"एवढं रखडतं कशामुळे?" एकदा तिने इस्त्री फिरवत विचारलं.

"वरून खाली जातं म्हणून. आधी प्रत्येक नाटक उघडायचं, मग त्यातला प्रत्येक पोशाख..."

"आणि तुम्ही काय करणार?"

"खालून वर येणार. पितळी बटणं कुठेकुठे आहेत, याची सूची आधीच करून ठेवायची. असतील पाच-सात ठिकाणी. तेवढ्यांवरूनच वर चढायचं, कोट कोणता, नाटक कोणतं. बाकीच्यांना हातही लावायचा नाही."

"म्हणजे जे थोडं, तिथून सुरुवात."

"हो..." तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "इस्त्री – कापड जळतंय."

"काम करताना गप्पा मारत जाऊ नका," ती म्हणाली, आणि पुढच्या गप्पा तिनेच सुरू केल्या.

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी मुख्य नटाचा पाय मुरगळला. बदली नट अंगाने दुप्पट. सेनापतीचा कोट त्याच्या खांद्यापाशीच अडला.

"हिरवा, लांब, पितळी बटणं, छाती चव्वेचाळीस," ती धावत येऊन म्हणाली. "नाहीतर आमचा सेनापती बनियनवर लढाईला जाईल."

सूची तयार होती, पण तपासायची राहिली होती. तो क्षणभर घुटमळला, मग त्याने प्रश्न टाकला. ती सवयीने स्टूल ओढायला वळली... तेवढ्यात उत्तर हजर. एकच कोट, बंद पडलेल्या एका नाटकातला, माळ्यावरच्या पेटीत.

दोघांनी मिळून पेटी उतरवली. कोट धडधाकट निघाला, फक्त एक बटण लोंबत होतं. त्याने कापड ताणून धरलं, ती टाके घालू लागली.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय?"

"श्वास घेताय."

त्याने श्वास रोखला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि सुई उगाचच रेंगाळली.

पहिला अंक रंगला. इकडे खोलीत तो वायरी गुंडाळत होता.

"झालं काम?" तिने विचारलं.

"झालं. उद्या दुसऱ्या गावी. तिथल्या संग्रहालयाची यादी."

"फार लवकर केलंत," ती म्हणाली. झग्याची केलेली घडी तिने मोडली, पुन्हा घालायला घेतली.

"एका बाबतीत उशीरच केला. तुम्हाला विचारायचं होतं... नाटकाला याल का, माझ्याबरोबर? मग वाटलं, तुम्ही तर रोजच बघता."

"पडद्यामागून," ती म्हणाली. "खुर्चीत बसून एकदाही नाही."

आत्याने मान वर न करता तिच्या हातातला झगा काढून घेतला. "दुसरा अंक सुरू होतोय. जा दोघं. इथलं मी बघते."

शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. अंधारात रंगमंच किती वेगळा दिसतो, ते तिला आज कळलं.

"ते गाव किती लांब?" तिने कुजबुजत विचारलं.

"दोन तास."

"सोमवारी आमचा प्रयोग नसतो."

तो तिच्याकडे वळला. मग अगदी हळू आवाजात त्याने तिला ते विचारलं, जे इतके दिवस ओठांवर अडलं होतं. नेमक्या त्याच वेळी रंगमंचावर लढाई पेटली – नगारे, तलवारी, आरोळ्या. तिने दिलेलं उत्तर ऐकायला त्याला तिच्या खूप जवळ झुकावं लागलं. लढाई संपल्यावरही तो तसाच झुकलेला होता.