वाफा भरेपर्यंत

वटवाघळाची किंकाळी. माणसाला ऐकू येत नाही.

सोड्याच्या बाटलीतला एक बुडबुडा.

कांद्याचा वाफा, अर्धाच भिजलेला.

आईच्या यकृतात (पित्त तयार करणाऱ्या अवयवात) एक गाठ. लिंबाएवढी.

गौतमी आईचा हात घट्ट धरून गावच्या दवाखान्यात बसली होती. साध्या सोनोग्राफीत गाठ नुसती दिसली होती. कसली, ते कळलं नव्हतं. कॅन्सर असेल तर? हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं, म्हणून तो तिला सगळीकडे ऐकू येत होता.

"टिकोजीराव, सुई पोटात नका हं खुपसू," आई म्हणाली. दवाखान्यातल्या यंत्रमानवाला सगळं गाव याच नावाने हाक मारी.

"पोटात नाही ताई, हातात. रक्तात बुडबुडे सोडणार आहे."

"सोड्याचे?" गौतमी दचकली.

"त्याहून कितीतरी बारीक. रक्तातल्या पेशीहूनही लहान. मी श्राव्यातीत ध्वनी (माणसाला ऐकू न येणारा आवाज) पाठवतो, वटवाघूळ पाठवतं तसा. त्याने बुडबुडे थरथरतात आणि पडद्यावर चमकतात. रक्त जाईल तिथे उजेड! मग त्यांतला वायू श्वासावाटे निघून जातो."

पडद्यावर गाठीच्या कडेने चमकते ठिपके उमटले. मध्ये मात्र काळंच.

"मधे कोरडं राहिलं!" गौतमी ओरडली. वाफा असा राहिला, की मधली रोपं गेलीच. "आई, तिथे रक्तच पोचत नाही!"

"दारं धरणारीची (शेताला पाणी देणारीची) पोर ना तू?" आई पडल्या पडल्या म्हणाली. "पाणी कडेनंच आत येतं. दम धर की जरा."

ठिपके आत सरकू लागले. सावकाश. काळं आक्रसत गेलं. वाटाण्याएवढं. मोहरीएवढं. मग उरलंच नाही.

टिकोजीराव तरीही पाहत राहिले. उजेड टिकून होता.

"वाईट गाठ बहुधा झटकन भरते आणि ओसरते. ही कडेकडून हळूहळू भरली आणि भरलेलीच राहिली. हा हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता). कापायचं काही नाही."

"नक्की?"

"शहरातल्या डॉक्टरीणबाईंनीही मी आत्ता पाठवलेली चित्रं पाहून तेच सांगितलंय. नाहीतर तुझी आई मला सोडेल का?"

गौतमी हसली, मग रडली, मग नाक पुसत म्हणाली, "बुडबुड्यांत औषध भरून दुखऱ्या जागी पाठवता येईल?"

"लोक खटपट करताहेत. तू मोठी हो लवकर."

सकाळी घरून निघण्याआधी आईने उद्यासाठी मटकी भिजत घातली होती.