दुसऱ्या हाकेनंतर

कळव्याच्या खाडीकाठच्या दामाजी कोळ्याची लेक दक्षता हिमाचलच्या लाहौलातल्या सहा हजार मीटरच्या शिखरावरून उतरत होती. हे शिखर म्हणजे नुसती तालीम. पुढच्या साली आठ हजारी डोंगर गाठायचा होता. त्यासाठी पाण्याचे कॅन पाठीला बांधून तिनं वर्षभर पारसिकचा डोंगर तुडवलेला. सोबत ठाकुर्लीचा सिद्धेश. दोघांचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. निघताना दामाजीनं चिडवलेलं, "जावईबापू, पोरगी वर नेताय, तशीच खाली आणा."

माथा झाला होता. उभा उतार संपून बर्फ सपाट झालं, तसा दोघांनी दोर सोडला. तो गुंडाळून दक्षताच्या सॅकमध्ये गेला. सोबतचा वाटाड्या चहा टाकायला तंबूकडे पुढे झाला. सिद्धेश बुटाचा पट्टा आवळायला मागे थांबला, आणि भर दुपारी धुकं उतरलं. जणू कुणी आभाळ नि बर्फ एकाच पेजेत कालवलं. पायांखाली जमीन आहे की ढग, कळेना. दक्षताला वाटलं, आपण चालत नाही, झोपेत तरंगतोय.

मागून हाक आली. "दक्षू…"

ती थबकली, पण ओ दिली नाही. खाडीत धुकं असलं की होडीतली माणसं पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसरीलाही नाही. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाकारतोच. पाण्यातलं दोनदाच बोलावतं. हे तिच्या अंगात मुरलेलं.

"दक्षू…" आवाज सिद्धेशचाच. मग सगळं गप्प.

त्या गारठ्यात तिला भरती ओसरल्यावरच्या चिखलाचा वास आला. खाडी इथं कुठली? सिद्धेश पडला असेल, तिसऱ्या हाकेपुरता दम उरला नसेल तर? आणि तो नसेलच तर? पाय मागे वळेनात, पुढेही पडेनात.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मग अगदी बारीक, "दक्षू…"

"ओ," म्हणत ती आवाजाच्या रोखानं पालथी सरपटत गेली. बर्फाच्या भेगेत सिद्धेश काखेपर्यंत अडकलेला. तिनं दोर टाकला, शिट्टी फुंकली. वाटाड्या धावत आला आणि दोघांनी त्याला ओढून काढलं.

तंबूत गरम चहा पोटात गेल्यावर ती रडली. दुसऱ्या हाकेलाच धावायला हवं होतं, म्हणाली.

सिद्धेश कपात बघत होता. "अगं, मी एकदाच हाक मारली… शेवटची."

"आणि आधीच्या दोन?"

"त्या मीपण ऐकल्या. माझाच आवाज होता…" त्यानं कप खाली ठेवला. "पायांखालून येत होता."