गाळून प्यायलेलं पाणी

लाईट गेलीय तर जाऊ द्या. बसा अंगणात. माझा साडू ढवळू, जामसरकडच्या पाड्यावरचा, त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

गेल्या वैशाखातली अवस, मंगळवार. त्याचा नातू जुलाबानं सुकलेला. दवाखान्यात न्यायला जीप सकाळी मिळणार. सून सोनी म्हणाली, "मामा, पाणी संपलं. पोर पाणी मागतंय." ढवळू कळशी घेऊन विहिरीवर निघाला.

पाड्यात रंगू नावाची एकटी म्हातारी होती. तिनं पोराला जवळ घेतलं तर म्हणायचे नजर लावली, नाही घेतलं तर मनात डाव धरलाय. पोरं आजारी पडली तशी भगतानं सुपात दाणे पाहिले, तिचं नाव घेतलं. पाड्यानं तिला हाकललं. ढवळूही होता त्यात. मग ती दिसलीच नाही. कुठं मजुरीवर जगायला गेली असेल, म्हणाले.

पुढं पाण्याला वास सुटला. लोक म्हणाले, रंगू करणी करून गेली. भगत म्हणाला, आत वाकून बघू नका, डोळे जातील.

"आजा, वासाचं पाणी प्यायले कसे?"

फडक्यातून गाळून, नितीन. पिवळट, तेलकट पाणी. करणीचं आहे म्हटल्यावर आत कोण बघतो?

तर ढवळूनं पोहरा सोडला. वर ओढताना जड लागला... मान वर केली. पलीकडच्या काठावर रंगू. लुगडं गळतंय.

"ढवळू. पोराला हे नको देऊ."

त्याला वाटलं, पोराला तहानेनं मारायला आली.

"हट, भुताळीण! अजून पोट नाही भरलं तुझं?"

तिनं विहिरीत बोट दाखवलं.

त्यानं धोंडा मारला. धोंडा तिच्यातून पार गेला... मागं कातळावर वाजला.

कळशी भरून तो पळाला. दारात आधी स्वतः घोट घेतला. जिभेला काही चिकटलं. ओढलं. ओढतच राहिला...

लांब पांढरा केस. टोकाला कातडी.

तो ओकला. ओकतच राहिला. सगळा पाडा काय पीत होता, ते त्याला तेव्हा कळलं.

कळशी पालथी करून वळला, तर उंबऱ्यावर मडकं. गार, नितळ पाणी. वर सागाचं पान. पाऊल वाजलं नव्हतं.

सोनी दारात आली. "मामा... तिनंच ठेवलं असेल. पाजू?"

आत पोर कण्हत होतं. ढवळू मडक्याशी वाकला...

मग त्यानंच पान काढलं.

पोर जगलं. सकाळी गळ टाकून रंगूला वर काढली. लोक काय म्हणाले? "बघा, मेली ती मेली, विहीर नासवून गेली." त्या पाण्याहून मला या बोलण्याची किळस येते, बाबांनो.

मडकं पाड्यातल्या कुठल्याच घरचं नाही. ढवळूनं उपडं घालून ठेवलंय. मी हात लावून पाहिलंय. सगळं कोरडं ठणठणीत. फक्त गळ्याशी उमटलेली पाच बोटं...

ओली.