उलट वाचन

दुपारी तीनचा सुमार. डोंगरातल्या गुहेत, तोंडापासून बरंच आत, वाट चिंचोळी होते ती जागा. दोन माणसं, एक मोजफीत, एक होकायंत्र.

मोजणी खात्याच्या म्हणण्याप्रमाणे गुहा इथेच संपत होती. गुहा संपते, म्हणजे तिचा नकाशा काढायला शिरलेला जुना सर्व्हेअर आत असूच शकत नाही. आणि आत नाही, त्याअर्थी तो खात्याचं पितळी होकायंत्र घेऊन पळाला. असल्या जुन्या यंत्रांना शौकिनांकडे मागणी असते म्हणे. शोधायला आलेली तुकडी या भोकापाशी वाकली, गुडघे झटकले आणि माघारी गेली. एवढ्यावर एका माणसाला चोर ठरवून खातं हात झटकून मोकळं झालं. उद्या गुहेचं तोंड काँक्रीटने बुजवणार होते.

म्हणून आज त्याची मुलगी आत आली होती. तीही सर्व्हेअरच. सोबत काका, तिच्या बापाबरोबर जन्मभर फितीचं दुसरं टोक धरलेले.

"काका, तुम्ही इथेच थांबा."

"थांबतो बाई. माझं पोट यात अडकलं तर खात्याचं काँक्रीट वाचेल."

ती पालथी पडून सरकत गेली. दगड पाठीला घासत होता, छातीला घासत होता. मग अचानक कुठेच घासेना. ती उठून बसली. श्वासाचा आवाज लांबून परत आला. मोठी पोकळी होती.

"काका, गुहा संपत नाही."

"माहीत होतं मला," पलीकडून काका म्हणाले. "तू मोज. मी लिहितो."

तिने विजेरी फिरवली. उजेड काळोखात विरून गेला. तेवढ्यात वास आला, लसणासारखा, उग्र. जुन्या कार्बाइडच्या दिव्याचा. तसले दिवे आता कोणी वापरत नाही. तिने विजेरी विझवली. समोर, डोळ्यांच्या उंचीला, एक पिवळट ठिपका होता. ओल्या दगडावरची चमक म्हणावी, तर आता चमकायला उजेडच नव्हता.

तिने होकायंत्र डोळ्याशी धरलं, ठिपक्यावर नेम धरला आणि रेडियमच्या आकड्यांवर वाचलं.

"एकशे दहा."

"एकशे दहा," मागून काका.

मोजणीची रीत अशी, की पुढच्या टोकाच्या माणसाने वळून मागच्याकडे नेम धरायचा आणि आपला आकडा सांगायचा. हे उलट वाचन. दोन्हींत बरोबर अर्ध्या वर्तुळाचा फरक हवा. एकशे दहाचं उलट दोनशे नव्वद. पण पुढच्या टोकाला आज कोणीच नव्हतं.

"दोनशे... ब्याण्णव," समोरून आवाज आला.

प्रतिध्वनी असता तर तिचाच आकडा परतला असता. ती भिंतीला टेकली. बापाचं ते पितळी यंत्र नेहमी दोन अंश जास्त दाखवायचं. लहानपणी ती म्हणायची, बाबा, दुरुस्त करून आणा ना. बाप म्हणायचा, राहू दे गं, एवढा फरक नवरा-बायकोतही असतो.

"काका... ऐकलंत?"

"लिहिलं," काका म्हणाले. "दोन वजा करून."

पळावंसं तिला वाटलं नाही असं नाही. पण बाहेर चोराची पोर म्हणून जगायचं, त्यापेक्षा हे बरं. तिने फितीचं टोक काळोखात फेकलं. ते पडल्याचा आवाज आला नाही. फीत ताणली गेली. कोणीतरी, सवयीच्या हाताने, दोन हलके झटके दिले.

विजेरी मुठीत झाकून तिने फितीवरचा आकडा वाचला. "नऊ मीटर चाळीस," ती ओरडली. मग हळूच, "बाबा... येऊ पुढे?"

"जागेवर थांब."

ठिपका विझला. फीत सैल पडली.

सकाळी काँक्रीटची गाडी आली, तेव्हा ती गुहेच्या तोंडात मांडी घालून बसली होती.

"एकाच टोकाची मोजणी ग्राह्य नसते," काकांनी लिहिलेले आकडे पाहून खात्याचे साहेब म्हणाले. "दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

"ज्याला तुम्ही पळपुटा म्हणता, तो."

"बाई, उठा."

"आत माणूस पाठवा, मग उठते. नाहीतर माझ्यावर ओता."

संध्याकाळपर्यंत ती हलली नाही. शेवटी खात्याने आपला सगळ्यात सडपातळ सर्व्हेअर आत धाडला. तो बाहेर आला तो पांढराफटक पडून. दालन आहे, म्हणाला. बाईंनी सांगितलं तसंच.

गुहा संपते हे वाक्य खात्याने खोडलं. चोर हा शब्द खोडला नाही. त्या सर्व्हेअरचा अहवाल साहेबांच्या टेबलावर आहे आणि त्यावर आजवर कोणी शेरा मारलेला नाही. त्यात लिहिलंय की दालनात शिरल्यावर चार पावलांनी जमीन तुटते. खाली सरळ खोल विवर, टाकलेल्या दगडाचा आवाज येत नाही. आणि एकशे दहा अंशांवर, नऊ मीटर चाळीसला, जिथे फितीचं टोक धरलं होतं, तिथे उभं राहायला जागाच नाही.