अजून कोणी उतरायचंय का?

हंगामातलं पर्यटकांचं पहिलं जहाज सकाळी येणार होतं, म्हणून मॉसी हॅरिंग्टनची बस धुऊन-पुसून धक्क्यावरच्या शेडमध्ये उभी होती. बाहेर अंधार आणि धुकं. टाइग आणि ओर्ला, यंदा नव्यानं गाइड झालेली पोरं, बसच्या पायरीवर गरम चिप्स खात बसली होती. मॉसी स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. बस बंद असली तरी तो तिथंच बसायचा.

"नोनी लोनीच्या घरचा चहाचा थांबा यंदा नाही म्हणे," टाइग म्हणाला. "भूत आहे ना तिथं?"

"असं म्हणणाऱ्यांनी त्या घरचा चहा कधी प्यायलेला नसतो," मॉसी म्हणाला.

"मग भूत नाही का?"

मॉसीनं केबिनमधला दिवा बारीक केला. "हे मला ईमरनं सांगितलंय, नोनीच्या नातीनं. ती पोरगी खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली. त्याचीच ही गोष्ट आहे. चिप्स खाली सांडू नकोस."

त्यानं सांगितलं ते असं.

गेल्या सप्टेंबरातला दुसरा गुरुवार. ईमर संध्याकाळी चर्चच्या हॉलमधून चहाचे कप आणायला गेली होती. शुक्रवारी सकाळी बँट्रीच्या खाडीत जहाज नांगर टाकणार, होड्यांतून माणसं धक्क्यावर येणार आणि दोन बस भरून लोनींच्या घरी. 'खऱ्या आयरिश घरात चहा.' सोडा ब्रेड, लोणी, जॅम, आणि शेकोटीपाशी शाल पांघरलेली नोनी आजी.

ईमर बावीसची. कॉर्कचं कॉलेज अर्ध्यात सोडून घरी आली होती, तेव्हापासून बाप डेनिस तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. "पुस्तकं झेपली नाहीत, कप तरी फोडू नकोस," असलं काहीतरी. हाच बाप पाहुण्यांशी इतका गोड बोलायचा की ईमर उठून बाहेर जायची. त्या घरात तिचं असं माणूस एकच होतं. आजी.

नोनीचा थोरला मुलगा कॉन. एकोणिसाव्या वर्षी जमिनीवरून बापाशी भांडला आणि बॉस्टनला गेला. बापानं त्याचं नाव घरात काढायचं नाही असं फर्मावलं, आणि सगळ्यांनी ऐकलं. बाप मेला तरी ऐकतच राहिले. जमीन धाकट्या डेनिसला मिळाली. आई म्हणायची, "अरे, कॉनचा तपास कर." डेनिस म्हणायचा, "पत्ता नाही गं." फोनवरून दुनियाभरची गिऱ्हाइकं शोधून काढणाऱ्या माणसाला सख्खा भाऊ तेवढा सापडत नव्हता.

म्हणून नोनीनं परकी माणसं घरात येऊ दिली. डेनिसला वाटलं, म्हातारीला धंदा कळला. तिला धंद्याशी काय करायचं होतं? अमेरिकेची माणसं आणणाऱ्या कुठल्याही जहाजावर तिचा कॉन असू शकत होता. बसमधला शेवटचा पाहुणा आत आला की ती दारात येऊन मॉसीला विचारायची, "अजून कोणी उतरायचंय का?"

मॉसी मागं वळून रिकाम्या सीटांकडे बघायचा. "नाही गं, नोनी. संपले."

मग ती आत जायची आणि तोंडभर हसून चहा ओतायची. दर जहाजाला हेच.

जहाजावरून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर गोल स्टिकर लावलेला असतो. ज्या रंगाचा स्टिकर, त्या रंगाची बस. वर जहाजाचं नाव आणि त्या दिवसाची तारीख. परत जाताना पाहुणे तो काढून नोनीच्या फाटकाच्या खांबाला चिकटवून जायचे. संध्याकाळी नोनी सुरी घेऊन खरवडायला बसायची. "माझ्या खांबाला पुन्हा गोवर आला बघ," म्हणायची.

तर ईमर कपांचं खोकं घेऊन परतली तेव्हा डेनिस स्वयंपाकघरात उभा होता. हातात आजीच्या, मागच्या खोलीची किल्ली.

"गेली," तो म्हणाला. "तू निघालीस, आणि मागोमाग."

ईमरनं खोकं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "फादरना फोन केलास?"

"उद्या करू. बस गेल्या की."

"उद्या?"

"हळू बोल."

"कुणाला ऐकू जाणार आहे? तिला?" ईमर खोलीकडे निघाली. डेनिस आडवा आला. "बाबा, खिडकी उघडलीस ना?"

तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"माणूस गेलं की जीवाला वाट म्हणून खिडकी उघडतात. एवढं तरी."

"मला शिकवू नकोस. अशा रात्री खिडकी सताड उघडी दिसली की शेजारची पेग काय ते ओळखणार. मग अख्खं गाव दारात."

"येऊ देत की. गाव येतंच. रात्रभर बसतं. मेलेल्या माणसाला आपण एकटं ठेवत नाही, तूच पाहुण्यांना सांगतोस ना? अगदी डोळे पुसत सांगतोस."

"एक जहाज परत पाठवलं की थांबा पलीकडच्या घराला जातो. मग पुढच्या वर्षी काय करू, आईचा फोटो पुसत बसू?"

"मी बसते तिच्याजवळ. गावाला नको सांगूस. मी एकटी बसते."

"तू ब्रेड भाज. रडून तोंड सुजलेली पोरगी मला उद्या टेबलापाशी नको."

आणि त्यानं किल्ली खिशात टाकली.

नोनीनं ईमरकडून एकच वचन घेतलं होतं, उन्हाळ्यात, फाटकाचा खांब खरवडता खरवडता. "मी गेले की माझी खिडकी उघड हं, पोरी. डोळा लागून राहिलाय माझा बाहेर." ईमर म्हणाली होती, "उघडीन." त्यात कठीण काय होतं?

ती ब्रेड भाजत बसली. पीठ मळायचं, वर सुरीनं फुली मारायची, भट्टीत सारायचं. भिंतीपलीकडे आजी. बंद खोलीत. एकटी. डेनिस किल्ली मुठीत धरून टेबलाशी बसून होता. झोपायला जायची त्याची छाती नव्हती, आणि किल्ली द्यायचीही.

एक वाजून गेला असेल.

खालच्या रस्त्यानं गाडी येत होती. मोठी. चढावर डिझेलचं इंजिन घुरघुरतं तशी. ईमरनं हात थांबवले. या वेळेला इकडे कोण येतं?

गाडी फाटकातून वळली. अंगणात खडी करकरली.

खिडकीवर उजेड मात्र पडला नाही.

इंजिन थांबलं. मग बसचं दार उघडल्याचा आवाज. फुस्स... रोजचाच आवाज.

मग काहीच नाही.

ईमरनं बापाकडे पाहिलं. त्यानं टेबलाकडे पाहिलं.

मागच्या खोलीत पलंग कुरकुरला...

"अजून कोणी उतरायचंय का?"

आवाज आजीचाच. घोगरा नाही, भयाण नाही. नेहमीचा. जरा दम लागलेला, जरा संकोचलेला. दारात उभी राहून विचारायची तसा.

"ऐकलंस?" ईमर पुटपुटली.

"वारा आहे."

"वारा प्रश्न विचारत नाही, बाबा."

भट्टीत ब्रेड करपायला लागला होता. कोणी उठलं नाही.

"अजून कोणी... उतरायचंय का?"

डेनिसनं दोन्ही कानांवर हात दाबले. पन्नाशी उलटलेला माणूस. हातातली किल्ली टेबलावर पडली, तेही त्याला कळलं नाही. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम त्याचं होतं. इतकी वर्षं त्याचंच होतं. तो कान दाबून बसला.

ईमरनं किल्ली उचलली. दारापर्यंत गेली. कुलपात घातली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला... फिरेना.

"अजून..."

आता आवाज बारीक झाला होता. दाराच्या अगदी पलीकडून येत होता.

"...कोणी?"

ईमरनं दाराला कपाळ टेकवलं. खरं उत्तर तिला पाठ होतं. मॉसीचं उत्तर. नाही गं. संपले. ते तिच्या जिभेवर आलं. आणि तिथंच राहिलं.

"आहे, आजी," ती म्हणाली. "आहे अजून एक. कॉन उतरतोय."

...

...

आत खटका वाजला. खिडकीचा. फुगलेली लाकडी चौकट वर सरकताना करते तो आवाज. सावकाश. मग दाराखालून थंड हवा आली, ईमरच्या पावलांवरून. समुद्राचा वास.

बाहेर खडीवर पावलं. एकाच माणसाची. जड. खिडकीपाशी आली. थांबली.

आणि मग आजी हसली. पाहुण्यांसमोर हसायची तशी नाही. ईमरनं ते हसू जन्मात ऐकलं नव्हतं.

फुस्स... दार मिटलं. इंजिन. उतार. मग काही नाही.

पहाटे किल्ली सहज फिरली, काही झालंच नव्हतं अशी. नोनी पलंगावर होती. हात छातीवर, ठेवले होते तसेच. खिडकी पार वरपर्यंत उघडी. खाडीच्या तोंडाशी जहाजाचे दिवे आत्ता कुठे दिसायला लागले होते.

डेनिसनं त्याही दिवशी चहा पाजला. दोन बस भरून माणसांना. आईला सर्दी झालीय म्हणाला, दाराला पुन्हा कुलूप घातलं, आणि तिच्याच खुर्चीत बसून त्यानं पाहुण्यांना कॉनची गोष्ट सांगितली. भाऊ कसा गेला, आई कशी वाट बघते. बायका रडल्या. एकीनं त्याला मिठी मारली. ईमर करपलेला ब्रेड खरवडून त्यावर लोणी लावत होती आणि त्या सगळ्यांच्या छातीकडे बघत होती. हिरवे, पिवळे. पिवळे, हिरवे.

शेवटचा पाहुणा आत गेला. मॉसी सवयीनं स्टिअरिंगपाशी थांबून राहिला, प्रश्न येईल म्हणून. दारात नोनी आली नाही. ईमर आली.

"मॉसी, आज निळी बस आहे का?"

"निळी? दोनच आहेत आज. माझी आणि मागची. का गं?"

ती पायरीवर बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. रडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तिनं इतकी वर्षं विचारलं आणि तुम्ही दर वेळी खरं सांगितलंत. मी एकदा उत्तर दिलं आणि तेही खोटं."

मॉसी तिच्यामागून आत गेला. तिनं कुलूप काढलं. त्यानं नोनीसमोर टोपी काढली. मग फादरना फोन त्यानंच केला, डेनिसला न विचारता, पाहुणे चहा पीत असताना.

शेडमध्ये टाइगचे चिप्स गार झाले होते.

"कॉन आला का मग? मयताला?" ओर्लानं विचारलं.

"नाही. त्याचा ठावठिकाणा अजून कुणाला माहीत नाही. जिवंत आहे की नाही, तेही."

"आणि डेनिस?"

"बहिणीकडे गेला राहायला. कान झाकून झोपतो म्हणतात. झोपू दे. ईमर तिथंच राहते. एकटी. हिवाळाभर ती खिडकी तिनं लावली नाही."

"पण निळी बस तिनं का विचारली?" टाइग म्हणाला.

मॉसीनं दिवा मालवला.

"मी गेलो की ती मला विचारते, 'मॉसी, मी खोटंच बोलले होते ना?' तिला 'हो' म्हणावं की 'नाही', मला कळत नाही. त्या खिडकीच्या चौकटीला आतून एक स्टिकर चिकटवलेला आहे, त्या पहाटेच तिला दिसला. जाताना चिकटवतात तसा. निळा. वर त्याच जहाजाचं नाव आणि शुक्रवारची तारीख. आणि त्या रात्री, टाइग... जहाज अजून समुद्रात होतं."