सगळे कागद असलेली गाडी

फोन हवालदार ज्ञानू खोतांचा होता आणि त्यांच्या आवाजात चक्क नवल होतं.

"साहेब, कसबा बावड्याला चौकीवर या. परवा पहाटे सायकलवाल्याला उडवून पळालेली जीप घावली. काल ड्रायव्हर सोताच घिऊन हजर झाला. आन् साहेब, गाडीचे समदे कागद हायत बघा!"

"सगळे म्हणजे?"

"रजिस्ट्रेशन, विमा, लायसन, धुराचा दाखला. एकाची बी तारीख उलटल्याली न्हाय."

मोटार वाहन निरीक्षक हंबीरराव सासने यांनी चहाचा कप खाली ठेवला. अपघाताची बातमी ऐकून त्यांना हल्ली काही वाटत नसे. पण सगळे कागद असलेली गाडी म्हटल्यावर त्यांना शंका आली.

याला वाईट स्वभाव म्हणा, नाहीतर अनुभव म्हणा. साल अठ्ठ्याण्णव होतं आणि रस्त्यावर गाड्या अडवून अडवून हंबीररावांची उमेद संपली होती. विमा विचारला की माणूस आधी सीट उचकटतो, मग कपाळाला हात लावून 'घरात ऱ्हायला की' म्हणतो आणि शेवटी कुठल्यातरी पुढाऱ्याचं नाव घेतो. दंड भरून सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर त्याच तोऱ्यात धावते. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

चौकीच्या आवारात पांढरी जीप उभी होती. डावा दिवा फुटलेला, बंपर दबलेला. बॉनेटवर भस्माचे तीन आडवे पट्टे, चांगले ठसठशीत. हंबीररावांनी चॅसिसवरचा नंबर घासून वाचला. कागदावर होता तोच. ब्रेक दाबून पाहिले, तेही उत्तम. मग गुडघ्यांना शिव्या देत ते खाली बसले आणि बंपरवरून बोट फिरवत राहिले.

शेजारीच गुंडूची, म्हणजे मेलेल्या माणसाची, सायकल टाकली होती. हिरवी, पुढचं चाक पार वाकडं झालेलं, दुधाची किटली चेपलेली. हँडलवरचा हिरवा रंग खरवडून निघाला होता. ब्रेकच्या तारेत काहीतरी अडकलं होतं. हंबीररावांनी ते सोडवून उजेडात धरलं. कोंबड्याचं तांबूस पीस होतं. बुडाशी वाळून काळं पडलेलं रक्त आणि त्यात कुंकू.

"मधी कुणाची तरी कोंबडी आली आसंल," ज्ञानू म्हणाले.

"कोंबडी कुंकू लावून फिरते काय, ज्ञानबा?"

ज्ञानू जवळ आले आणि हळू बोलू लागले. "साहेब, लई खोलात शिरू नका. गुंडूच्या बायकोच्या, चिमणाबाईच्या पदरात दोन पोरी हायत. शेत न्हाय, दोन म्हशी तेवढ्या. गाडीला विमा हाय म्हणून कंपनी भरपाई दील. त्या बाईला तेवढाच आधार हाय. तुमी आपली सही करा आन् मोकळं व्हा."

हंबीररावांना मोकळं व्हायचंच होतं. गेली पाच-सहा वर्षं त्यांना दुसरं काही नको होतं. पण पीस खिशात ठेवून ते आत गेले.

आत बाकावर रुद्रेश बसला होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, डोळे सुजलेले. एरवी तो आण्णांच्या वडापवर ड्रायव्हर होता. परवाना नसताना माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला इकडे वडाप म्हणतात, आणि बावड्याच्या रस्त्यावर आण्णांच्या अशा तीन जीपा धावत.

"ही गाडी कुणाची?"

"मावाची. सिद्धलिंग मावाची." त्यांच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालत, आणि मामाला तो मावा म्हणे.

"मामाला माहीत आहे?"

"त्यो कर्नाटकात गेलाय, पावण्यांकडं."

"परवा तू आण्णांच्या गाडीवर नव्हतास?"

"सुट्टी हुती."

"जीप कोण चालवत होतं?"

"मीच." या उत्तराला त्याला क्षणही लागला नाही. "माझ्याच हातनं झालं, साहेब. धुकं हुतं. मानूस एकदम समूर आला आन्..."

तो रडू लागला. हंबीररावांनी नोकरीत खोटं रडणं पोटभर पाहिलं होतं. हे खरं होतं.

"गेल्या आठवड्यात खंडेनवमीला गाडीची पूजा केलीस, तेव्हा पुढं कोंबडं कापलंस?"

रडता रडता रुद्रेशनं चमकून वर पाहिलं. "आमी लिंगायत, साहेब! आमच्या घरात अंडं बी येत न्हाय. गाडीला भस्म लावतो, नारळ फोडतो, झालं."

"बरं," हंबीरराव म्हणाले आणि चिमणाबाईच्या घरी निघाले. दुःखात असलेल्या बाईला प्रश्न विचारणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

चिमणाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. आसपासच्या बायका उठून आत गेल्या. तिचे डोळे कोरडे होते आणि ती माणसाकडे सरळ बघत होती.

"मावशी, त्या वेळी तुम्ही बरोबर होता?"

"व्हय. डेअरीला दूध घालायला निघालतो. म्होरं ह्ये सायकल घिऊन, मागनं मी दुसरी किटली घिऊन."

"जीप समोरून आली?"

"समूरनं. आंधार, त्यात धुकं. दोन्ही दिवं असं डोळ्यांवर आलं की मला माझा हात दिसंना."

"मग चौकीवरची गाडी तीच, हे ओळखलंत कसं?"

"बॉनेटवर भस्माचं तीन पट्टं हुतं की."

हंबीररावांनी गोठ्यात नजर फिरवली. म्हैस वैरण चघळत होती.

"घरी कोंबड्या आहेत?"

"औंदा एक बी न्हाय. मुंगसानं नेल्या." मग तिनंच विचारलं, "साहेब, कंपनीचं पक्कं आसतंय न्हवं? मालकाकडनं मिळायचं काय खरं नसतंय. कंपनीचंच खरं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून म्हशीला वैरण टाकू लागली.

तिथून हंबीरराव आणि ज्ञानू वडापच्या अड्ड्यावर गेले. आण्णा पानाच्या टपरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. दोन जीपा रांगेत उभ्या होत्या. दोन्हींच्या बंपरवर कुंकवाचे मळवट होते आणि खाली वाळलेलं काळं रक्त. एकीच्या जाळीत अजून दोन पिसं चिकटली होती.

"या साहेब! च्या सांगू?"

"नको. खंडेनवमी दणक्यात झालेली दिसते."

"मग वो! परत्येक गाडीला एक कोंबडं. आमच्या आज्यापासनंची रीत हाय."

"तिसरी गाडी कुठाय?"

"गॅरेजला."

"कुठल्या?"

"हाय एक." आण्णांनी पानाची पिंक टाकली.

"या दोघींचा विमा?"

"घरात हाय की."

"गेल्या वर्षीही घरातच होता."

"घर त्येच हाय, साहेब," आण्णा म्हणाले आणि भोवतालची माणसं हसली. हंबीररावही थोडं हसले. रागवायला अंगात बळ लागतं.

गॅरेजं पालथी घालण्यात ज्ञानूंचा उरलेला दिवस गेला. जीप सापडली ती आण्णांच्या बंद गुऱ्हाळामागं, उसाच्या पाचटाखाली. डावा दिवा फुटलेला होता. बंपरवर कोंबड्याचं रक्त, कुंकू, आणि त्याच्यावरून गेलेला हिरवा ओरखडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हंबीररावांनी सगळ्यांना चौकीच्या आवारात बोलावलं. रुद्रेश भिंतीला टेकून उभा होता. आण्णा घड्याळ बघत होते. चिमणाबाई पायरीवर बसली. ज्ञानूंना हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता आणि ते तसं तोंडावर दाखवत होते.

"ही गाडी मामाची आहे, कागद खरे आहेत, नंबर खरा आहे," हंबीरराव पांढऱ्या जीपकडे हात करून म्हणाले. "फक्त हिनं कुणाला मारलेलं नाही. सायकलचा एवढा रंग निघाला, पण या बंपरवर हिरवा ठिपकासुद्धा नाही. याला पहारीनं ठोकलंय. उलट सायकलच्या ब्रेकमध्ये कोंबड्याचं पीस होतं, रक्तात आणि कुंकवात भिजलेलं. म्हणजे ज्या गाडीनं मारलं तिच्यापुढं खंडेनवमीला कोंबडं कापलं होतं. लिंगायताच्या गाडीपुढं कोंबडं कोण कापणार? आण्णा मात्र प्रत्येक गाडीला एक कापतात. आणि तिसरी गाडी काल पाचटाखाली मिळाली."

आण्णांनी घड्याळ बघणं थांबवलं.

"रुद्रेश, सुट्टी नव्हती तुला. पहिली फेरी भरायला तू आण्णांचीच गाडी घेऊन निघाला होतास."

"व्हय," रुद्रेश म्हणाला. "पर मारलं मीच, साहेब. त्यात मी खोटं बोललो न्हाय."

"नाहीच बोललास. म्हणून तर मी घोटाळ्यात पडलो. माणूस खरा, गुन्हा खरा, फक्त गाडी खोटी."

"म्हंजे समदं आण्णानं रचलं!" ज्ञानू म्हणाले. "विमा न्हाय म्हणून गाडी बदलली!"

"आण्णांना एवढी अक्कल असती तर त्यांनी विमाच काढला असता."

"ओ साहेब, तोंड सांभाळून," आण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "मला रुद्र्या म्हणाला, गाडी लपवा. मी लपवली."

"आणि रुद्रेश त्या दिवशी घरात कोंडून घेऊन रडत होता. गाड्यांची अदलाबदल सुचायला डोकं थंड लागतं. विमा नसलेल्या गाडीखाली माणूस गेला की मागच्यांचं काय होतं, हे पुरतं ठाऊक असावं लागतं. शिवाय डोळ्यांवर दिवे असताना बॉनेटवरचे पट्टे कुणालाच दिसत नाहीत. ते उजेडात, सावकाश पाहून ठेवावे लागतात." हंबीरराव पायरीकडे वळले. हे बोलताना त्यांना स्वतःचा तिटकारा आला. "मावशी, मामाची जीप तुम्ही कधी पाहिलीत?"

चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माती दिली त्याच दिवशी, सांजच्याला," ती म्हणाली. "रुद्रेशच्या दारात गेलते मी. गाडी चालवताना मी त्याला बघितलं न्हवतं. पर आण्णाच्या गाडीचा आवाज मला ठावं हाय, रोजच्याला दारावरनं जाती आन् ह्योच चालवतो. दार वाजवलं तर ह्यो पायच धरून बसला माझं. म्हणलं, रडू नगंस. मानूस तू मारलंस, शिक्षा तुला हायच. मग निदान गाडी तरी तुज्या मामाची दाव, तिला विमा हाय. पट्टं तवाच बघितलं."

"मावशी, हा गुन्हा आहे."

"आसंल की. मुरगूडच्या माझ्या भावाला टेंपोनं मारला. टेंपोला विमा न्हवता. कोर्टानं निकाल दिला, मालकानं दिलं पायजे म्हणून. मालकानं घर, टेंपो, समदं बायकोच्या नावावर केलं आन् हात झाडलं. माझी भावजय अजून त्यो निकाल पिशवीत घालून हिंडतीया. माझ्या पोरींनी तसं हिंडावं व्हय?"

रुद्रेशनं भिंतीकडे तोंड केलं होतं आणि ज्ञानूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गप्प बसणं किती सोपं होतं! एक सही, आणि दोन मुलींची शाळा, घर, चूल सगळं चालू राहिलं असतं. तोटा एका कंपनीचा, आणि कंपनी काही उपाशी मरत नाही. हंबीररावांना हे सगळं कळत होतं. पण आज सही केली की आण्णांच्या तिन्ही जीपा उद्या पुन्हा माणसं कोंबून निघणार, हेही त्यांना कळत होतं. मग पुढची चिमणाबाई कुठून तरी दुसरा मामा शोधणार.

"मी खरं लिहिणार," ते म्हणाले. "कंपनीचे पैसे मिळणार नाहीत. पण आण्णांच्या तिन्ही गाड्या आत्ता, बिनपरवाना म्हणून, मी उचलतो. त्या सुटायच्या आत वकिलामार्फत कोर्टाकडे जप्ती मागा. या वेळी त्यांना बायकोच्या नावावर करता यायच्या नाहीत."

"साहेब, आमदारांना फोन लावू काय?" आण्णा म्हणाले.

"लावा. त्यांचाही विमा बघू."

चिमणाबाई हसली नाही. "वर्सं किती लागतील?"

हंबीररावांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी आवारात मांडलेल्या टेबलावर कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. अपघात या पांढऱ्या जीपनं झालेला नाही. अपघात करणारी जीप विम्याशिवाय, परवान्याशिवाय चालवली जात होती.

चिमणाबाई उठून टेबलापाशी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पेन कुठपर्यंत गेलंय ते ती बघत उभी राहिली.

"आण्णाची गाडी रोज ह्याच रस्त्यानं पळत हुती," ती म्हणाली. "तिला विमा हाय का न्हाय, ह्ये बघायचं काम कुणाचं हुतं, साहेब?"

आण्णा खाली बघू लागले. ज्ञानूही खाली बघू लागले.

"माझं," हंबीरराव म्हणाले.

"मंग त्ये बी लिवा."

हंबीररावांनी तेही लिहिलं, आणि खाली सही केली.